मधुमेह्याचे पाय

वैजापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या पात्रांत सरला बेट आहे, आणि गंगागिरि महाराजांचें नांव त्या बेटाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. तालुक्यांतील शिऊर येथें तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई यांची समाधि आहे. लहानपणींच घरच्या माणसांबरोबर देवगांव सोडून रहिमतपूर, कोल्हापूर असा मुलूख तुडवीत त्या अखेर देहूस पोंचल्या होत्या. आगगाडीनें येणारा प्रवासी रोटेगांव स्थानकावर उतरतो खरा. पण या मुलखांतील माणसाचें पिढ्यान् पिढ्यांचें वाहन म्हणजे त्याचे पाय. शेतावर पायीं, आठवड्याच्या बाजाराला पायीं, सप्ताहाला पायीं आणि पंढरीलाहि पायींच. अशा ठिकाणीं कोणाचे पाय दुखूं लागले तर त्याचें नवल वाटत नाहीं. वय झालें, सारा जन्म काळ्या रानांत गेला, आतां पाय बोलणारच, असें म्हणून घरांत तेलाची वाटी पुढें केली जाते, किंवा वीट तापवून शेक दिला जातो.

परंतु पायांचें एक दुखणें असें आहे कीं, तें श्रमाचें नसतें. दिवसभर बैठकीवर बसून राहणाऱ्या माणसालाहि तें होतें. आणि विश्रांतीनें शमण्याऐवजीं रात्रीं, अंथरुणाला पाठ लागल्यावर, तें अधिकच जागें होतें. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोंचल्यासारखें होतें, पांघरुणाचा नुसता स्पर्शहि सहन होत नाहीं. पुढें पुढें जमीन पायांखालीं असून नसल्यासारखी वाटते. कापसाच्या गादीवरून चालल्याचा भास होतो. एके दिवशीं चप्पल पायांतून निसटते, आणि तें चार पावलें पुढें गेल्यावर कोणी सांगितलें म्हणजे कळतें. हें दुखणें मधुमेहाचें असूं शकतें. त्याचा इतिहास दोन हजार वर्षांच्या आसपासचा आहे. मनुष्य ज्या वेदनेला आपला शत्रु समजत आला, त्या वेदनेहूनहि तिचें नाहींसें होणें अधिक घातक आहे, ही गोष्ट वैद्यकाला किती उशिरानें उमगली, हें त्या इतिहासावरून दिसून येतें.

भारतीय वैद्यकांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि मधुमेह हा त्यांतील अखेरचा व कठिण प्रकार मानला आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें निरीक्षण सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु चरकसंहितेच्या निदानस्थानांत, रोग पूर्णपणें प्रकट होण्यापूर्वीं दिसणारीं जीं चिन्हें नोंदविलीं आहेत, त्यांकडे मात्र तितकें लक्ष जात नाहीं. केसांचा गुंता, तोंडाची गोड चव, घशाला पडणारी कोरड यांबरोबरच हातापायांचा बधिरपणा आणि हातापायांची आग हीं दोन्हीं चिन्हें तेथें एकत्र दिलेलीं आहेत. एकाच अवयवाला स्पर्श कळूं नये आणि त्याच अवयवाची आग व्हावी, हें वरकरणी विसंगत वाटतें. पण ज्याला हा विकार झाला आहे त्याला त्यांत विसंगति दिसत नाहीं. कारण त्याचा अनुभव नेमका असाच असतो. त्या ग्रंथकारांनीं रोग्याचें म्हणणें कान देऊन ऐकलें होतें, एवढें यावरून निश्चित म्हणतां येतें.

सुश्रुतानें यापुढें जाऊन आणखी एक गोष्ट टिपली. मधुमेह्याला होणारे फोड आणि गळवें शरीराच्या खालच्या भागांत विशेष होतात, असें त्यानें सांगितलें, आणि त्याचें कारण आपल्या शास्त्राच्या परिभाषेंत देण्याचा प्रयत्नहि केला. त्याची चिकित्सा आजच्या वाचकाला चकित करील अशी आहे. जन्मतः येणारा प्रमेह वेगळा आणि अपथ्यानें ओढवून घेतलेला वेगळा, असा भेद तो करतो. रोगी कृश असेल तर त्याला जपावें; इतरांनीं मात्र अंग झिजवावें. ज्याला धन नाहीं व आप्त नाहींत, अशा रोग्यानें भिक्षा मागून खावें, एका गांवीं एकच रात्र राहावें, आणि संयमी मुनीप्रमाणें शंभर योजनें किंवा त्याहूनहि अधिक वाट चालावी; विहीर खणण्यासारखे श्रम करावे. चालण्याचा हा उपदेश आजच्या शास्त्रालाहि मान्य आहे. परंतु त्यांत एक अट आहे : हें चालणें पायांत जोडे न घालतां आणि डोक्यावर छत्री न धरतां करावयाचें. ज्याच्या पायांना बधिरपणा येतो असें त्याच परंपरेनें लिहून ठेविलें, त्यालाच अनवाणी चालण्यास सांगितलें गेलें. या दोन निरीक्षणांची गांठ पडावयास पुढें अनेक शतकें जावीं लागलीं.

युरोपांत मधुमेहाचें शास्त्र पायांकडून नव्हे, तर मूत्रपात्राकडून सुरू झालें. इंग्लंडांत टॉमस विलिस यानें 1674 मध्यें मूत्राच्या गोडीची नोंद केली. 1776 मध्यें मॅथ्यू डॉब्सन यानें ती गोडी साखरेचीच आहे व रक्ताच्या द्रवांतहि ती असते, हें दाखविलें. पुढें 1849 मध्यें फ्रान्समधील क्लोद बेर्नार या थोर शास्त्रज्ञानें सशाच्या मेंदूच्या तळाशीं एका ठराविक जागीं सुई टोंचली असतां त्याच्या मूत्रांत कांहीं काळ साखर उतरते, असा प्रयोग केला. त्या प्रयोगाचा प्रभाव मोठा होता. मेंदू व मज्जातंतु बिघडले म्हणजे मधुमेह होतो, असें मत त्यामुळें बळावलें; आणि मधुमेह्याच्या पायांत दिसणारा विकार हा रोगाचा परिणाम नसून त्याचें मूळच आहे, असें अनेक वैद्य समजूं लागले.

हा क्रम उलटा केला तो मार्शाल द काल्वी या फ्रेंच वैद्यानें, 1864 मध्यें. मज्जातंतूंमुळें मधुमेह होत नसून मधुमेहामुळें मज्जातंतु बिघडतात, असें त्यानें प्रतिपादन केलें. त्यानंतर एकवीस वर्षांनीं, 1885 मध्यें, लंडनच्या गाय इस्पितळांतील फ्रेडरिक पेव्ही या मधुमेहतज्ज्ञानें आपल्या रोग्यांच्या पायांचें जें वर्णन केलें, तें आजहि पाठ्यग्रंथांत शोभेल असें आहे. जड झालेले पाय, बधिर तळवे, विजेसारख्या सळसळणाऱ्या कळा, रात्रीं वाढणारी पीडा, कातडीची विलक्षण हळवेपणाची अवस्था, आणि गुडघ्यावर ठोकलें असतां पाय उडण्याची जी स्वाभाविक क्रिया ती नाहींशी होणें, हीं सर्व लक्षणें त्यानें नोंदविलीं. चरकाच्या नोंदीला जणूं इतक्या शतकांनंतर दुसरा साक्षीदार मिळाला.

तरीहि त्या काळीं हा विकार वैद्यकाचा मुख्य प्रश्न झाला नाहीं, याचें कारण करुण आहे. तरुण मधुमेही फार दिवस जगतच नसत. 1921 मध्यें टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं, मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेंत आणि कोलिप यांच्या साहाय्यानें, इन्शुलिन हातीं आणलें, आणि 11 जानेवारी 1922 रोजीं तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोंचलें गेलें. मृत्यूच्या दारांतून रोगी परत येऊं लागले. पण जगलेल्या माणसांना वर्षांमागून वर्षें मधुमेहाबरोबर काढावयाचीं होतीं, आणि त्या दीर्घ सहवासांत त्यांचे डोळे, मूत्रपिंडें व पाय झिजूं लागले. अमेरिकेंत बॉस्टन येथें एलियट जॉस्लिन यांना दिसलें कीं, मधुमेहाच्या मूर्च्छेनें होणारे मृत्यु झपाट्यानें घटले, पण पाय सडून होणारे मृत्यु मात्र वाढले. 1928 च्या सुमारास त्यांच्या इस्पितळांत मधुमेह्यांच्या पायांची निगा राखण्यासाठीं स्वतंत्र व्यवस्था झाली. पाय सडणें हा दैवाचा कोप नाहीं, तें माणसाच्या हलगर्जीपणाचें फळ आहे आणि म्हणून तें टाळतां येतें, असें त्यांनीं 1934 मध्यें आपल्या व्यवसायबंधूंना निक्षून सांगितलें.

मज्जातंतु बिघडतात म्हणजे काय होतें, हें येथें थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारे तंतु शरीरांतील सर्वांत लांब तंतु होत. त्यांची लांबी सुमारें एक मीटर भरते. रक्तांत साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे एकीकडे त्या तंतूंच्या आंतील रासायनिक घडामोडी बिघडतात, आणि दुसरीकडे त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या निकामी होत जातात. जो तंतु अधिक लांब त्याचें टोंक आधीं सुकतें. म्हणूनच विकाराचा आरंभ बोटांपासून होतो, तो दोन्हीं पायांत सारखाच होतो, आणि मोजा चढवावा त्याप्रमाणें हळूहळू वर सरकतो. सुकणारा तंतु प्रथम खोटे संदेश पाठवितो. तीच आग आणि त्याच मुंग्या. पुरता सुकला म्हणजे तो मुका होतो. वेदना थांबते, आणि रोग्याला वाटतें कीं आपणांस उतार पडला.

पायांची प्रत्येक कळ मात्र मधुमेहाच्या मज्जातंतूंचीच असते असें नाहीं. ठराविक अंतर चाललें कीं पोटरींत गोळा येतो आणि उभें राहिलें कीं तो निवतो, असें असेल तर दोष रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा असण्याचा संभव अधिक. एकाच पायांत कमरेपासून खालीं कळ येत असेल तर ती बहुधा कण्याजवळ दबलेल्या शिरेची. ब-12 या जीवनसत्त्वाची उणीव, मद्यपान, मूत्रपिंडाचे विकार, गलग्रंथीचें मांद्य आणि कुष्ठरोग यांनींहि पाय बधिर होतात. मधुमेहावर सर्रास दिलें जाणारें मेटफॉर्मिन हें औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-12 ची पातळी उतरूं शकते, ही गोष्ट शाकाहारी घरांत विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. म्हणून निदान शेजाऱ्यानें नव्हे, तर डॉक्टरानें करावयाचें असतें.

मुक्या पायाचें पुढें काय होतें, या प्रश्नाचें उत्तर मधुमेहाच्या इस्पितळांत न सांपडतां भारतांतील कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत सांपडलें. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 मध्यें तामिळ मुलखांतील कोल्ली डोंगरांत एका मिशनरी कुटुंबांत झाला. शल्यवैद्य होऊन 1946 मध्यें ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. त्या काळीं कुष्ठरोग्याचीं बोटें रोगानेंच गळून पडतात, त्याचें मांसच नासकें असतें, अशी सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनीं बारकाईनें पाहिलें, तेव्हां त्यांना आढळलें कीं जखम नीट जपली तर त्या मांसाला इतरांप्रमाणेंच भरून येतां येतें. बोटें जात होतीं तीं रोज होणाऱ्या लहानसहान इजांमुळें : विस्तवावरील भांडें उचलल्यानें, जोड्यांतील खिळ्यानें, आणि कांहीं ठिकाणीं तर रात्रीं झोंपेंत उंदरांनीं कुरतडल्यानें. रोग्याला वेदना होत नसल्यामुळें तो जखमी पायावर तसाच चालत राही. निरोगी माणूस लंगडतो आणि त्या लंगडण्यानेंच त्याचा पाय वांचतो. बधिर पायाचा मनुष्य लंगडत नाहीं, हेंच त्याचें दुर्दैव.

महाराष्ट्रालाहि हें दृश्य अपरिचित नव्हतें. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं 1936 मध्यें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली होती, आणि 1949 मध्यें बाबा आमटे यांनीं वरोऱ्याला महारोगी सेवा समिति स्थापन केली. अशा ठिकाणीं बधिर पायांना जपण्याची जी विद्या हळूहळू तयार झाली, तिचा उपयोग मधुमेह्यालाहि होईल हें ब्रँड यांनीं ओळखलें. 1966 मध्यें ते अमेरिकेंत लुइझियाना प्रांतांतील कारव्हिल येथील कुष्ठरोग इस्पितळांत गेले, आणि तेथें मधुमेह्यांच्या पायांवर तेच उपाय लागू करण्यांत आले : जखमेवरील भार काढून घेणारें प्लास्टर, पायाच्या ठेवणीप्रमाणें बनविलेले मऊ तळाचे जोडे, आणि वांकेपर्यंत दहा ग्रॅमचा दाब देणाऱ्या नायलॉनच्या एका साध्या तंतूनें तळव्याची परीक्षा. तो तंतु टेंकलेला रोग्याला कळला नाहीं, तर त्याचा पाय धोक्यांत आहे असें समजावयाचें. समाजानें ज्यांना गांवाबाहेर टाकलें, त्यांच्या पायांनीं सुखवस्तु मधुमेह्यांचे पाय वांचविण्याची विद्या दिली, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

साखर ताब्यांत ठेवल्यानें हा विकार टळतो काय, याचेंहि उत्तर दीर्घ परिश्रमांनंतर मिळालें. बेल्जममधील झां पिरार यांनीं 1947 ते 1973 या काळांत 4,400 मधुमेह्यांची नोंद ठेविली. निदानाच्या वेळीं शेंकडा साडेसातांच्या आसपास रोग्यांना मज्जातंतूंचा विकार होता. पंचवीस वर्षांनंतर तें प्रमाण शेंकडा पन्नासांवर गेलें, आणि ज्यांची साखर अनावर होती त्यांच्यांत तो अधिक आढळला. 1993 मध्यें अमेरिका व कॅनडा येथील 1,441 रोग्यांवर केलेल्या प्रसिद्ध प्रयोगाचा निष्कर्ष बाहेर आला. इन्शुलिनवर जगणाऱ्या तरुण मधुमेह्यांत साखरेचें काटेकोर नियंत्रण केल्यास मज्जातंतूंचा विकार सुमारें शेंकडा साठांनीं कमी होतो, असें त्यांत दिसलें. प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहांत हा लाभ इतका ठळक दिसत नाहीं. तेथें रक्तदाब, चरबी, वजन व तंबाखू यांकडेहि लक्ष पुरवावें लागतें. आग आणि कळा शमविण्यास अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रिगॅबॅलीन अशीं औषधें आज आहेत. तीं रोग्याला झोंप देतात, आणि झोंपेचें मोल रात्र रात्र जागणाऱ्यालाच ठाऊक. पण तीं औषधें सुकलेल्या तंतूला पुन्हा पालवी फोडीत नाहींत.

महाराष्ट्रानें या इतिहासांत आपलीहि भर घातली आहे. पुण्याच्या के. ई. एम. इस्पितळांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकें वजनानें हलकीं, पण त्या मानानें चरबी राखून असलेलीं आढळलीं. आणि सुमारें दोनतृतीयांश मातांच्या रक्तांत ब-12 जीवनसत्त्व कमी होतें. मधुमेह हा केवळ श्रीमंतांच्या मेजवान्यांचा रोग आहे, या समजुतीला त्या कार्यानें धक्का दिला. नागपुरांत डॉ. शरद पेंडसे यांनीं मधुमेह्यांच्या पायांनाच आपलें कार्यक्षेत्र मानलें. 2004 च्या सुमारास भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका आणि टांझानिया या देशांत डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना पायांच्या निगेचें शिक्षण देण्याची जी योजना निघाली, तिच्या प्रवर्तकांपैकीं ते एक होत. हें काम राजधानींतील मोठ्या इस्पितळांपुरतें न राहतां तालुक्याच्या गांवापर्यंत जावें, हा त्या योजनेचा हेतु होता.

आणि तालुक्याच्या गांवींच त्याची खरी निकड आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणींत 2011 मध्यें महाराष्ट्रांतील प्रौढांत मधुमेहाचें प्रमाण शेंकडा 8.4 आढळलें, 2023 मध्यें प्रसिद्ध झालेल्या तिच्याच अहवालाप्रमाणें देशांतील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे. वैजापुरासारख्या मुलखांत उन्हाळ्यांत जमीन तापते, रानांत बाभळीचे कांटे असतात, देवळांत वहाणा बाहेर ठेवाव्या लागतात, आणि अनवाणी वारीचा नवस बोलणारे आजहि आहेत. बधिर पायाला तापलेल्या फरशीची जाणीव होत नाहीं आणि रुतलेल्या कांट्याचीहि होत नाहीं. घरीं मायेनें दिलेला विटेचा शेक किंवा कढत पाण्याची पिशवी अशा पायाला भाजून काढते, आणि भाजलें आहे हें दुसऱ्या दिवशीं फोड दिसल्यावर कळतें. कुरूप ब्लेडनें कापणें, त्यावर तीव्र औषध लावणें, घट्ट जोड्यांत पाय कोंबणें, या साऱ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून जखम होते, ती चिघळते, आणि अखेर पाय गमावण्याचा प्रसंग येतो. घरांतील कर्त्या माणसाचा पाय गेला म्हणजे त्याचें शेत, त्याचा धंदा आणि त्याच्या मुलांचें शिक्षण यांवरहि घाला पडतो.

टाळण्याचे उपाय मात्र फार साधे आहेत. रोज एकदां तळवे आणि बोटांमधील सांदी उजेडांत पाहाव्या. वांकवत नसेल तर आरसा धरावा किंवा घरांतील दुसऱ्यास पाहावयास सांगावें. पाय कोमट पाण्यानें धुवावे, आणि तें पाणी पायानें नव्हे तर कोंपरानें पारखावें. बोटांमधील भाग कोरडा ठेवावा, टांचांना तेल लावावें. घरांतहि अनवाणी वावरूं नये. जोडे घालण्यापूर्वीं त्यांत हात घालून खडा अथवा खिळा नाहीं ना हें पाहावें. नखें सरळ कापावीं. लहानशी जखम, रंगांत पडलेला फरक किंवा एका पायाला आलेली सूज व ऊब, यांपैकीं कांहींहि दिसल्यास दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. दुखत नाहीं म्हणूनच त्वरा करावी. आणि वर्षांतून एकदां तरी डॉक्टराकडून पायांची परीक्षा करून घ्यावी.

सुश्रुतानें सांगितलेली शंभर योजनांची वाट आजहि टाकाऊ ठरलेली नाहीं. चालणें हें मधुमेह्याचें औषध आहेच. त्या उपदेशांतील अनवाणीपण तेवढें वगळावयाचें. शिऊरच्या समाधीला किंवा सरला बेटाला जाणारा मधुमेही पायांत मऊ, पुरेसे रुंद जोडे घालून गेला, तर त्याच्या भक्तींत उणेपणा येत नाहीं. मराठी घरांत दारीं आलेल्या पाहुण्याला प्रथम पाय धुण्यास पाणी देण्याची रीत होती. दिवसभर आपणांस वाहून आणणाऱ्या पायांचा तो एक लहानसा सत्कारच असे. ज्याच्या घरांत मधुमेह शिरला आहे, त्यानें ती रीत रोज संध्याकाळीं आपल्याच पायांसाठीं पाळावी, आणि पाय धुतांना त्यांकडे नीट पाहावें. कारण आपलें दुःख सांगण्याची शक्ति त्या पायांत आतां राहिलेली नसते.